बेस गिटारचे तीन नॉब: घरी भरदार, मांडवात घूंघूं, असं का होतं?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही अंबाजोगाईचे. ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी जुनी चार तारांची बेस गिटार घेतलीत. फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या धर्तीची, दोन पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग), तीन नॉब, सेल लागत नाही. घरी छोट्या ॲम्पवर आवाज गोल आणि भरदार येतो. जयंतीच्या कार्यक्रमात तीच गिटार लावली की नुसती घूंघूं, सूर कळत नाही. टोनचा नॉब जवळजवळ पूर्ण फिरेपर्यंत काहीच करत नाही आणि शेवटी एकदम आवाज कोंडतो. दोन व्हॉल्यूमपैकी एक केसभर कमी केला तरी आवाजाची जातच बदलते, वर गुणगुण सुरू होते. तेव्हा नॉब कितीवर ठेवायचे, की गिटारच बदलायची?

मी ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या पार्ट्यांबरोबर बेस वाजवतो, आणि संभाजीनगरात वादकांच्या गिटारी उघडून दुरुस्तही करतो. तुमची लक्षणं वाचून माझं मत असं झालंय की तुमच्या गिटारला फारसं काही झालेलं नाही. घरी नीट वाजणारी गिटार मांडवात बिघडते, म्हणजे गिटार तीच आहे, ती ज्याला जोडली ते बदललंय. घरी ती गिटारच्या ॲम्पला जाते. कार्यक्रमात बहुधा थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जात असणार. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असंच चालतं. मिक्सरला माइक, कीबोर्ड, पॅड लागतात आणि जे भोक उरेल त्यात बेस. सगळा घोळ तिथे सुरू होतो आणि आपण मात्र नॉब पिळत बसतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तारा किती जुन्या आहेत, पिकअप मूळचे आहेत की कुणी बदललेत, आतलं वायरिंग कसं आहे. त्यानुसार उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, ते त्या त्या जागी सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. सेल नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसवरचा कुठलाही नॉब काहीही वाढवत नाही. तो फक्त कमी करतो. व्हॉल्यूम पूर्ण उघडा म्हणजे पिकअपमधून जे निघतंय ते जवळपास तसंच बाहेर जातं. टोन पूर्ण उघडा म्हणजे वरचा, तारेचा टणत्कार असलेला भाग शाबूत राहतो. टोन बंद करत गेलं की एक कंडेन्सर तो वरचा भाग जमिनीला वाहून नेतो. लोकांना वाटतं टोन बंद केला की बेस वाढला. खालचा आवाज होता तेवढाच असतो, वरचा निघून गेल्यामुळे तो एकटा उरतो. घरी खोलीत बसून ऐकताना हे फार गोड लागतं. मांडवात ढोलकी सुरू झाली की त्या उरलेल्या आवाजाला स्वतःची ओळखच राहत नाही.

आता मिक्सरचं. तुमच्या पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जॅझ बेसच्या पिकअपचा रोध साधारण ७ ते ८ किलोओहम भरतो, आणि वेढ्यांमुळे वरच्या सुरांना त्याची अडवणूक आणखी वाढत जाते. असा नाजूक स्रोत ज्याला जोडायचा त्याची इनपुट खूप जास्त रोधाची हवी. गिटार ॲम्पची इनपुट साधारण १ मेगओहमची असते, म्हणून घरी सगळं नीट ऐकू येतं. मिक्सरची लाइन इनपुट असते १० किलोओहमच्या आसपास, माइकची त्याहून बरीच कमी. त्या भोकात पॅसिव्ह बेस खुपसली की आवाज निम्म्यावर येतो आणि हजार हर्ट्झच्या आसपासपासूनच वरचं सगळं उतरायला लागतं. थोडक्यात, तुम्ही टोनला हात लावायच्या आधीच मिक्सरने तो बराचसा बंद केलेला असतो. मग नॉब फिरवून काय फरक पडणार? काढायला वर काही उरलेलंच नाही. अगदी शेवटी कंडेन्सर पूर्ण लागला की जे थोडं राहिलंय तेही जातं आणि आवाज एकदम कोंडतो. तुम्ही वर्णन केलंय ते बरोबर हेच.

याची खात्री तुम्ही घरीच करू शकता. कुणाकडून छोटा मिक्सर आणा. तीच गिटार, तीच वायर, आधी ॲम्पला आणि मग मिक्सरच्या लाइन इनपुटला हेडफोन लावून ऐका. जी तार ॲम्पवर खणखणीत वाजत होती ती मिक्सरवर पांघरूण घेतल्यासारखी वाजेल. ऐकलंत की पुन्हा कुणी सांगायची गरज उरणार नाही.

उपाय म्हणजे डीआय बॉक्स, गिटार आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची छोटी पेटी. पॅसिव्ह बेससाठी ॲक्टिव्ह डीआय घ्या. त्याची इनपुट १ मेगओहम किंवा जास्त असते आणि तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सर माइकच्या वायरीतून देतो त्या विजेवर) किंवा ९ व्होल्टच्या सेलवर चालतो. साधा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआयही चालतो, पण त्याची इनपुट सहसा दीडशे किलोओहमच्या घरात असते, त्यामुळे पॅसिव्ह गिटारचं थोडं वरचं तो खातो. डीआय नसेल तर बेसचा कुठलाही प्रीॲम्प पेडल चालू करून मध्ये लावा, किंवा मल्टिइफेक्ट लावा, त्यातले सगळे इफेक्ट बंद ठेवून. त्याची आउटपुट मिक्सरला झेपते. काही मिक्सरवर एखाद्या चॅनेलला गिटारचं चिन्ह किंवा ‘हाय झेड’चं, म्हणजे जास्त रोधाच्या इनपुटचं, बटण असतं, असेल तर तेच भोक मागून घ्या. ही एक गोष्ट केली तरी तुमच्या तक्रारीतला मोठा भाग संपेल असं मला वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण तो खरंच नॉबचा आहे. जॅझ बेस फेंडरने १९६० मध्ये आणली. सुरुवातीच्या गिटारींवर एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते, नंतर थोड्याच काळात आजची तीन नॉबची रचना आली: नेककडच्या (गळ्याकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम, ब्रिजकडच्या (तारा बुडाशी बांधतात त्या पट्टीकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम आणि दोघांना मिळून एक टोन. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतात तेव्हा दोन्ही पिकअप सरळ एकमेकांना जोडलेले असतात. ते तारेच्या दोन वेगळ्या जागांवरून ऐकत असल्यामुळे मधले काही सूर एकमेकांना मारतात. आवाज रुंद आणि स्वच्छ येतो, पण पोटातून थोडा पोकळ.

एक नॉब जरा फिरवला की इतका फरक का पडतो, ते आकड्यांत बघा. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा कमी-जास्त होणारा रोध, सहसा २५० किलोओहमचा. त्याचा दहावा हिस्सा फिरला, तर सरळ चालीच्या पॉटमध्ये २५ किलोओहम मध्ये येतात. पिकअप स्वतः ७-८ किलोओहमचा. म्हणजे केसभर फिरवल्यावर त्या पिकअपच्या वाटेत त्याच्याहून तिप्पट अडथळा उभा राहिला. तो पिकअप एकदम मागे जातो, दुसरा पुढे येतो आणि मधले मेलेले सूर परत येतात. म्हणून या गिटारीत पहिल्या थोड्या फिरकीतच सगळी गंमत आहे. दहावरून आठपर्यंत काय होतं ते कान देऊन शिका. आठच्या खाली फक्त तो पिकअप हळूहळू संपत जातो.

गुणगुणीचं कारणही तिथेच. दोन्ही पिकअप एकेका गुंडाळीचे (सिंगल कॉइल) असतात आणि आसपासच्या विजेची गुणगुण दोघेही उचलतात. पण एकाचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट बसवलेले असतात, त्यामुळे दोन्ही सारखे उघडे असताना गुणगुण एकमेकांत जिरते आणि तारेचा आवाज मात्र जमा होतो. एक कमी केला की तोल गेला, गुणगुण आली. हा दोष नाही, ही रचनाच तशी आहे. मांडवात एलईडीचे पार लाइट, डिमर, जनरेटर असं सगळं आजूबाजूला असतं तिथे ही गोष्ट फार उपयोगी पडते. गुणगुण असह्य झाली तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, आणि लाइटच्या ट्रसपासून थोडं तोंड फिरवून उभे राहा. तेवढ्या वळण्यानेही फरक पडतो.

तुमची गिटार जुनी घेतलेली आहे म्हणून एक तपासणी जरूर करा. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून खालच्या सुराची जाड तार वाजवा. मग ब्रिजचा व्हॉल्यूम बंद करून तीच वाजवा. दोन्ही उघडे असताना आवाज पातळ, नाकातला आणि पोट गेल्यासारखा येत असेल, आणि एकच ठेवल्यावर एकदम भरून येत असेल, तर कुणीतरी पिकअप बदलताना वायर उलट जोडली आहे. कोणत्याही एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की तारेचा आवाज जागेवर येतो. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं काम. दोन्ही उघडे असताना गुणगुण जराही कमी होत नसेल, तर पिकअप जोडीचे नाहीत. आवाजात काही बिघडत नाही, फक्त वर सांगितलेला फायदा तुम्हाला मिळणार नाही. आणि एक व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर सगळीच गिटार गप्प होत असेल तर आतलं वायरिंग वेगळ्या पद्धतीचं आहे. तसं असेल तर कुठलाच व्हॉल्यूम पूर्ण बंद न करता काम करायचं, नाहीतर पॉटवरच्या दोन वायरी बदलून घ्यायच्या.

व्हॉल्यूमबद्दल आणखी एक. साउंडवाला हमखास म्हणतो, “भैया, जरा कमी करा ना, इकडं लाल लागायलंय.” आपण भिडेपोटी गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणतो. आवाज कमी होतो तो होतो, पण वरचा भागही मरतो. पॅसिव्ह पॉट मध्यावर असताना त्याच्यामागचा रोध साठेक किलोओहमपर्यंत चढतो. गिटारच्या वायरीला दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडची धारिता (कपॅसिटन्स) असते, ती छोट्या कंडेन्सरसारखी वरचे सूर खाते. सहा मीटरची वायर आणि मध्यावरचा पॉट मिळून चार हजार हर्ट्झच्या वरचं उतरवतात. वायर दहा मीटरची असेल तर अडीच हजारापासून. म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: पॅसिव्ह बेसचा व्हॉल्यूम उघडाच ठेवायचा आणि लाल दिवा मिक्सरच्या गेनवर (येणारा सिग्नल किती वाढवायचा त्या नॉबवर) कमी करून घ्यायचा. साउंडवाल्याला आधीच सांगा की मी सगळ्यात जोरात वाजवतो तेव्हा गेन लावा. तेव्हा खरंच जोरात वाजवा, लाजत वाजवून नंतर कार्यक्रमात हाणू नका, त्याने त्याचाही तोल जातो. डीआय स्टेजवर तुमच्या पायाशी असू द्या. गिटारपासून डीआयपर्यंतची वायर आखूड राहते, पुढची लांब वायर मिक्सरपर्यंत काही नुकसान करत नाही.

आता मांडवात प्रत्यक्ष काय करायचं. मी सुरुवात नेहमी तीनही नॉब पूर्ण उघडून करतो. मिक्सरवर माझ्या चॅनेलचा इक्वलायझर सरळ मध्यावर आणायला सांगतो, कारण आधीच्या कार्यक्रमातलं काहीतरी तिथे तसंच राहिलेलं असतं. एकटा थोडं वाजवतो, फक्त गेनसाठी. एकट्याने वाजवताना आवाज कसा येतो यावरून टोन ठरवत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. एकटी बेस टोन उघडा ठेवून ऐकली तर बोटांचा खरखरीतपणा, तारेचा टणकपणा सगळं नकोसं वाटतं आणि हात आपोआप टोनकडे जातो. ढोलकी, पॅड, कीबोर्ड सुरू झाले की तोच खरखरीतपणा अजिबात ऐकू येत नाही, पण सूर कळतो तो त्याच्यामुळे. म्हणून सगळ्यांना एक कडवं वाजवायला सांगा, बरोबर वाजवा, आणि वाजत असतानाच टोन हळूहळू बंद करत जा. ज्या जागी सूर धूसर व्हायला लागेल तिथून थोडं मागे या. ती तुमची त्या रात्रीची जागा. ती पुढच्या गावी तीच असेल असं धरू नका.

शक्य असेल तर कुणाला तरी स्टेजवर बेस वाजवायला देऊन स्वतः समोर प्रेक्षकांत जाऊन ऐका. स्टेजवर मॉनिटरच्या मागे उभं राहून खालचा आवाज नेहमी जास्त वाटतो. समोर जाऊन ऐकलं की कळतं, स्टेजवर गडगडणारा सूर चौथ्या रांगेत पोचतच नाही.

घरच्या सेटिंगचा आणखी एक सापळा आहे. माणसाच्या कानाला कमी आवाजात खालचे सूर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढत गेला की ते झपाट्याने जवळ येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणजे घरी हळू आवाजात जे भरदार वाटतं, तेच स्टेजच्या आवाजात चिखल होतं. घरी टोन आणि ॲम्पचा बेस लावून ‘हेच माझं सेटिंग’ असं ठरवून निघू नका.

आता सूर कुठे राहतो ते बघू. बेसची खालच्या सुराची जाड तार, ई, ४१ हर्ट्झवर वाजते. त्यानंतरची ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झवर. आपल्याकडच्या कार्यक्रमांत बहुतेक वेळा १२ किंवा १५ इंची टॉप (वरचे मुख्य स्पीकर बॉक्स) असतात, त्यांना ४१ हर्ट्झ धड वाजवताच येत नाही. बेसचे मोठे बॉक्स असले तर तिथे ढोलकीची धूम आणि पॅडची किक आधीच बसलेली असते. म्हणून श्रोत्याला तुमचा ई ऐकू येतो तो त्याच्या दुपटीच्या, तिपटीच्या सुरांतून, म्हणजे ८० ते २५० हर्ट्झमधून. आणि बोट तारेवर कधी पडलं हे कळतं ७०० ते हजारच्या आसपास. टोन पूर्ण बंद केला तर साधारण चारशे-पाचशे हर्ट्झच्या वरचं सगळं उतरतं. मग श्रोत्याला सूर नाही, नुसतं हादरणं मिळतं. साउंडवाल्याशी बोलताना हेच आकडे वापरा. ‘बेस वाढव’ म्हणालात तर तो लो चा नॉब फिरवेल आणि घूंघूं आणखी वाढेल. त्याला सांगा, लो थोडा कमी कर, ८०० च्या आसपास जरासा वाढव. मिडचा नॉब फिरता असला तर त्याला हे लगेच जमतं. आणि कीबोर्डवाल्याला प्रेमाने सांगा की डाव्या हाताने खालचे सूर धरू नको, ते काम आता माझ्याकडे आहे. कितीतरी ठिकाणी मी टोनला हात न लावता एवढ्यानेच गाडी रुळावर आलेली पाहिली आहे.

गाण्यागणिक काय करतो तेही सांगतो, पण हा माझा कल आहे, नियम समजू नका. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की जलद चालीची भीमगीतं जास्त. ढोलकी भरगच्च असते, थापांच्या मध्ये जागा थोडी. तिथे ब्रिजचा व्हॉल्यूम पूर्ण, नेकचा सातच्या आसपास, टोन बहुतेक उघडा. ब्रिजचा पिकअप तारेच्या ताठ टोकाजवळ असतो, तिथे आवाज घट्ट आणि मधल्या सुरांचा येतो. अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा जगभर ओळखला जाणारा बेसचा आवाज याच ब्रिजच्या पिकअपवर उभा आहे. जलद गाण्यात बेसचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणं महत्त्वाचं, गोलपणा नंतर. संथ गाणं, करुण शब्द, गायक एकटा पुढे असेल तेव्हा नेकचा पूर्ण, ब्रिजचा आठच्या खाली, टोन निम्म्याच्या आसपास. तिथे बेसने गायकाच्या खाली जमीन धरायची असते, शब्दाच्या आड यायचं नसतं. कव्वालीत ढोलक आणि टाळ्यांचा मारा सतत चालू असतो, तिथे दोन्ही पूर्ण ठेवून टोन थोडा बंद करतो, कारण वरची जागा टाळ्यांची आणि हार्मोनियमची. जुन्या हिंदी गाण्यांना टोन बराच बंद आणि ब्रिजजवळ तळहात हलका टेकवून, म्हणजे सूर लवकर विझतो.

हात हा सगळ्यात मोठा टोनचा नॉब आहे. बोटं ब्रिजजवळ नेली की आवाज घट्ट, नेककडे आणली की पसरट. गाणं चालू असताना नॉब फिरवण्यापेक्षा चार बोटं इकडेतिकडे सरकणं सोपं आणि गाण्याशी प्रामाणिक. मी शिकायला येणाऱ्यांना महिनाभर नॉब उघडे ठेवून फक्त हाताच्या जागेने आवाज बदलायला लावतो. तुम्हीही करून बघा.

तारा जुन्या असतील तर यातलं निम्मं लागू होणार नाही. घाम, धूळ, गंज बसलेल्या तारेत वरचे सूर उरलेलेच नसतात. मग टोन उघडा काय, बंद काय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन तास वाजवून गिटार तशीच पिशवीत घातली की तारा फार लवकर मरतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. दुकानातून घेताना राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) मागा. फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) छान गोल वाजतात, पण मुळातच वरचं कमी असतं, मांडवात सूर उठून दिसत नाही ही तुमचीच तक्रार असताना त्या नकोत.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये धूळ गेली आहे. मागची किंवा पुढची प्लेट उघडून पॉटच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ फिरवा. सायकलला किंवा कुलपाला मारायचा गंजाचा स्प्रे वापरू नका, तो तेलकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ पुन्हा चिकटते. प्लेट उघडलीच आहे तर टोनच्या पॉटवर काय छापलंय ते बघा. ए २५०के असेल तर त्याची चाल कानाला सावकाश वाटणारी असते. बी २५०के असेल तर ती सरळ चाल, आणि त्यात टोनचा सगळा बदल शेवटच्या थोड्या भागात एकवटतो. तुमच्या टोनच्या तक्रारीत मिक्सरबरोबर याचाही हात असू शकतो. कंडेन्सरवर ४७३ लिहिलं असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा, बरोबर आहे. १०४ असेल तर ०.१ चा, तो जास्त खोलवर कापतो. तो बदलून ४७३ लावला तर टोन बंद केल्यावरही थोडा श्वास राहतो. सुटे भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

उद्या कधी सेलवाली ॲक्टिव्ह बेस हातात आली तर हे सगळं गणित बदलतं, म्हणून दोन शब्द. तिथे बेस-ट्रेबलचे नॉब मध्यावर खटकन अडतात, ती सरळ जागा. तिथून वाढवताही येतं आणि कमीही करता येतं. वाढवण्याचा मोह आवरा. आधी जे नको ते कमी करा. आणि जॅक लावलेला असेपर्यंत सेल जळत राहतो, म्हणून वाजवून झालं की वायर काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र आवाजाहून मोठी आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर काळजी नाही, बऱ्याच गिटारी तशा असतात. पण हात लावल्यावर गुणगुण वाढली, किंवा तारा धरून माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी गिटार खाली ठेवा. मांडवातल्या अर्थिंगमध्ये दोष आहे. गिटारच्या तारा वायरीतून थेट मिक्सरच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे दोष तुमच्या हातातून जातो. गुणगुण घालवायला कुणी थ्री-पिनची अर्थची पिन काढून देत असेल तर त्याला थांबवा, माणसं जातात याने. गुणगुणीसाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते वापरा. ते फक्त सिग्नलची जमीन तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

गिटार बदलायची का, याचं माझं उत्तर सध्या तरी नाही असं आहे. पैसे खर्च करायचे असतील तर आधी ॲक्टिव्ह डीआय, मग नवीन तारा, मग आखूड आणि चांगली वायर, त्याच क्रमाने. पिकअपची उंचीही बघून घ्या. शेवटच्या पट्टीवर तार दाबून पिकअप आणि तार यांत अडीच-तीन मिलीमीटर अंतर ठेवून सुरुवात करा, जाड तारेखाली थोडं जास्त. ब्रिजचा पिकअप मुळातच हळू वाजतो, तो नेकच्या पिकअपपेक्षा किंचित जवळ आणला की दोन्ही व्हॉल्यूम उघडे असताना तोल चांगला बसतो. हे सगळं करून पुढच्या कार्यक्रमात मी सांगितल्याप्रमाणे तीनही नॉब उघडून सुरुवात करा. तरीही सूर कळला नाही तर पॉटवरचे आकडे, कंडेन्सरवरचा आकडा, आणि दोन्ही पिकअप उघडे असताना व एकेक उघडा असताना आवाज कसा येतो ते लिहून पाठवा. त्यावरून वायरिंगमध्ये काय आहे ते सांगता येईल.